गयाबाईच्या नवऱ्याचा खोकला

'नागपूर केंद्रावरून दर शुक्रवारी सायंकाळी प्रसारित होणाऱ्या श्रुतिकेतील गयाबाई नामक स्त्रीपात्र व तिचा सदैव खोकणारा नवरा यांचा मौजे सावरखेडा, तालुका वणी, येथील निखाडे घराण्याशी दुरान्वयानेही संबंध नाही. आमच्या घरी रेडिओ नाही. आमच्या घरी उक्त प्रकारे कोणी बोलत नाही. तसेच घरातील कोणाही पुरुषास उक्त प्रकारचा खोकला नाही. त्याबद्दलचा डॉक्टरी दाखला पाहावयास मिळेल. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. – भगवानराव निखाडे पाटील.'

हा जाहीर खुलासा १९६२च्या चैत्रात यवतमाळच्या एका साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या वर्णनाखाली छापून आला. सर्व संबंधितांनी त्याची नोंद घेतली. ज्यांचा काडीमात्र संबंध नव्हता अशांनीही घेतली, कारण गयाबाई कोणाच्या घरातली, हे तोवर वणीच्या बाजारापलीकडे कोणालाच ठाऊक नव्हते. खुलाशाने ते थेट उमरखेडपर्यंत पोचवले.

उरलेल्या विधानांची प्रकृतीही फार मजबूत नव्हती. घरी रेडिओ नव्हता, हे बैठकीच्या खोलीपुरते खरे. तो कापसाच्या खोलीत, गोधडीखाली होता. त्याची तार निंबाच्या शेंड्याला बांधलेली होती आणि पाहुण्यांना ती धोतरे वाळवण्याची म्हणून दाखवली जाई. मात्र इतक्या उंचीवर धोतर वाळत घालायला बगळ्याचे पंख लागले असते. रेडिओचा सरकारी परवाना दरवर्षी भगवानरावांच्याच नावाने नवा होत असे. डॉक्टरी दाखल्याची कथा याहून करुण. भगवानरावांनी दवाखान्यात पाव तास खोकला दाबून धरला, दाखला खिशात घातला आणि पायरीवर येताच असे काही खोकलले की समोरच्या टांग्याचे घोडे दोन पावले मागे सरले. राहता राहिले 'आमच्या घरी उक्त प्रकारे कोणी बोलत नाही' हे वाक्य. थोरल्या मुलाला, वामनरावाला, हा मजकूर सांगताना भगवानरावांनी सुरुवात केली ती अशी: "मी काई म्हणत नाही, पण लिही."

'मी काई म्हणत नाही, पण' हे गयाबाईचे ब्रीदवाक्य होते. ते उच्चारल्यावर ती दहा मिनिटे बोलत असे आणि तिचा नवरा खोकत असे. यापलीकडे त्या श्रुतिकेत काही घडत नव्हते, आणि तीन वर्षे लोक हातातली कामे टाकून ते ऐकत होते.

गयाबाईचा आवाज होता धाकट्या सुनेचा, वच्छलाबाईचा. खुलाशाने भागेना म्हणून तिला नवऱ्यासह नागपूरहून बोलावून घेतले होते आणि ती आज बैठकीतल्या सतरंजीच्या टोकावर बसली होती. समोरच्या चौरंगावर दोन कागद होते. एक तिच्या जावेच्या नवऱ्याने सुवाच्य अक्षरात तयार केलेला माफीनामा: 'मी गयाबाईचे काम आजपासून कायमचे सोडीत आहे.' दुसरा नागपूरहून आलेला पुढील वर्षाचा करार. दोन्हींवर सहीची जागा मोकळी होती. गावातले टपाल चारच्या मोटारीने वणीला जाई आणि टपालाची थैली मांडीवर घेऊन सेवादास गुरुजी दाराशी बसले होते. ते शेजारच्या तांड्यातले. गावची शाळाही त्यांच्याकडे आणि टपालही. करार आजच्या थैलीत गेला नाही तर गयाबाईला दुसरा आवाज शोधला जाणार होता. पत्रात तसे अतिशय सभ्य भाषेत लिहिले होते.

वच्छलाबाईला त्या सभ्य भाषेचा जुना अनुभव होता. उमरखेडच्या शाळेत तिचा आवाज जाड म्हणून स्नेहसंमेलनात तिला नेहमी प्रधानाचे काम मिळे. लग्नानंतर आठ वर्षे तो आवाज सावरखेड्यात पदराआड गेला. नवरा पंजाबराव नागपूरच्या हायस्कुलात इतिहास शिकवायला लागला ते साल छप्पन. नागपूरची राजधानी जाऊन कचेऱ्या मुंबईला हलल्या होत्या, शेजारची निम्मी घरे रिकामी पडली होती आणि बोलायला भिंती तेवढ्या उरल्या होत्या. पुढच्या वर्षी ती आवाजाच्या चाचणीला गेली. शुद्ध मराठीत एक उतारा वाचला. 'आपल्या वाचनात प्रादेशिक छटा जाणवते,' असे तिला सांगण्यात आले. ती नमस्कार करून बाहेर पडली आणि तिची छत्री उचलून निघालेल्या एका गृहस्थाशी जिन्यात वऱ्हाडीत भांडली. भांडण संपले तेव्हा वरच्या कठड्याला चार माणसे टेकून उभी होती. त्यांनी तिला परत बोलावले.

पहिले काम विहिरीवरच्या दुसऱ्या बाईचे. मग शेळीचे; शेळी तिने इतकी मनापासून केली की तिला पुन्हा दोनदा शेळीसाठीच बोलावले गेले. एकोणसाठ साली गयाबाई मिळाली. लिहून आलेली गयाबाई अगदीच अळणी होती. वच्छलाबाईने तिला सासूचा सूर दिला, सासूचा हेल दिला, आणि पहिल्याच वाक्याआधी लेखी मजकुरात नसलेले 'मी काई म्हणत नाही, पण' हे पाच शब्द घातले. ते पाच शब्दही सासूचेच. पुढे घरून निनावी पत्रे येऊ लागली आणि गयाबाईला बोलायला विषयही मिळाला. आता एस.टी.त तिचा चेहरा कोणी ओळखत नसे, पण 'एक वणी द्या' म्हटले की कंडक्टर वळून बघे.

सासूला, तानाबाईंना, यातले काही कळू नये अशी काळजी सगळ्यांनी घेतली होती. कापसाच्या खोलीत बायका येत नसत. सासूला ती आत्याबाई म्हणे; आत्याबाईंना कळले तर काय वाटेल, हा प्रश्न वच्छलाबाईने तीन वर्षे उशाशी ठेवला होता. सासऱ्यांच्या रागाला ती भीत नव्हती. आत स्वयंपाकघरात रोडगे भाजत बसलेल्या त्या बाईच्या कानावर आज सगळे जाणार, याला भीत होती.

"सूनबाई," भगवानराव म्हणाले, "मी काई म्हणत नाही, पण कापसाचा दलाल मले भर बजारात 'या गयाबाईचे मालक' म्हणते. दलाल!"

"मामाजी, थो गमतीनं म्हणत असन."

"गमतीनं? अन् सभेत झालं थे?"

सभेत झाले ते असे. जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक तोंडावर आली होती आणि भगवानराव उभे होते. पहिल्याच प्रचारसभेत ते बोलायला उठले आणि सवयीप्रमाणे घसा साफ केला. त्यावर समोरचे दोनशे मतदार, कोणी न सांगता, एकसाथ खोकलले. सभा तिथेच संपली.

"त्या रेडिओत नवऱ्याले एक बी शब्द नाही," वामनराव म्हणाला. बापासाठी त्याने जीव तोडून प्रचार केला होता आणि तो खोकल्यात बुडालेला पाहिला होता. "नुसता खोकलते. माणूस आहे का बोकड?"

"भाऊजी, खोकला मी नाही करत. थो दुसरा माणूस करते."

"त्याले कोणं शिकवला?"

वच्छलाबाई सतरंजीची दशी ओढू लागली. शिकवला तिनेच होता. तालमीत दोन दिवस.

"मले इचाराल तं," थोरली जाऊ अंजनाबाई दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "गयाबाई बोलली का मले साक्षात सासूबाईच दिसते. डोळे मिटून ऐकलं तं हात आपोआप पदर सावराले जाते."

"तू कवा ऐकलं व?" वामनरावाने विचारले. "रेडिओ तं घरात नाही."

"तुमी आवाज मोठा करता, मंग कान काय नुसते कपाशीलेच आहे, मले नाही?"

वच्छलाबाईला हसू आले आणि तिने ते पदरात घेतले. सकाळपर्यंत अंजनाबाई तिच्या बाजूची होती. न्याहारीला तिने स्वतः म्हटले होते, बाईनं नाव काढलं तं ह्या बुढ्यायचं काय जाते. दुपारी वामनराव सभेचे दुःख सांगून गेला आणि जाऊ चौकटीपर्यंत सरकली. आता तिचा एक पाय आत होता, एक बाहेर. निखाड्यांच्या घरात तह असेच होत. पंजाबराव इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे त्याला तहांची कलमे पाठ होती; लढाया मात्र त्याने धड्यातच पाहिल्या होत्या.

तो आत्ता उठला आणि बायकोकडे न बघता त्याने पत्रांची एक जुडी बापासमोर ठेवली.

"ही तिच्या पेटीतली पत्रं," तो छापील मराठीत म्हणाला. अवघड प्रसंगी त्याची वऱ्हाडी सुटत असे. "घरातलंच कोणीतरी तिला दर आठवड्याला सगळं कळवतं. तेव्हा बाबाजी, मूळ दोष तिचा नाही, असं माझं म्हणणं आहे."

वच्छलाबाईने त्याच्याकडे पाहिले. आपण बायकोला वाचवतो आहोत, अशी त्याची खरोखरच समजूत होती. एवढे निष्पाप डोळे तिने शेळीचे काम करताना मनात धरले होते.

"पेटीची किल्ली माह्या गळ्यात असते," ती म्हणाली.

"आंघोळीच्या वेळी खुंटीला असते," पंजाबराव पुटपुटला.

भगवानरावांनी जुडी उचलली. एकच अक्षर, एकच शाई. "हे तं गुरुजीचं अक्षर!"

सगळे दाराकडे वळले. सेवादास गुरुजींनी थैली मांडीवरून खाली ठेवली.

"अक्षर माहं आहे, पाटील. मजकूर माहा नाही. ज्याले लिहिता येत नाही त्याचे कागद लिहून देणं हे काम मी वीस वर्षांपासून करून राह्यलो."

"कोणं सांगितला मजकूर?"

"थे नाही सांगता येत."

"मी पाटील हाव गावचा!"

"तुमच्या भावकीच्या भांडणाचा अर्ज म्याच लिहिलता, पाटील. त्याच्यात काय होतं, थे कोणाले कळलं काय?"

भगवानराव खोकलले. खोलीतल्या कोणीही कोणाकडे पाहिले नाही. तशी शिस्त त्यांनी आठवडाभरात कमावली होती.

"वामन्या, वाच. वरचंच वाच. पकडतो मी."

वरचे पत्र मागच्या मंगळवारचे होते. त्यातला मजकूर अजून रेडिओवर गेला नव्हता. वामनराव वाचू लागला:

"'वच्छलास आशीर्वाद. या बारीले गयाबाईले लगनाची गोठ सांगू दे. मांडवात बैल उधळला, तवा सारे पाहुणे नवरीले वाचवाले धावले. हे मातर मुंडावळ्यासकट बाभळीवर चढून बसले. बैल गेला, तरी उतरेत ना. खालून सासऱ्यानं इचारलं, काहून चढला? तं म्हणते, मी बैलावर नजर ठेवून होतो. ह्यायच्या आंगात इतके काटे घुसले का...'"

तो थांबला. 'हे' या शब्दावर त्याचे बोट होते. मग ते बोट हळूहळू वर आले आणि चौकटीकडे वळले.

"अंजने. तू?"

वच्छलाबाईने मान खाली घातली. तीन वर्षे तिचीही हीच समजूत होती. पत्रात नवऱ्याचे नाव कधीच नसे, सारखे 'हे', 'ह्यायनं', 'ह्यायले'. आशीर्वाद देणारी, म्हणजे वयाने मोठी. नवऱ्याचे नाव न घेणारी, म्हणजे बायको. तिने सरळ हिशेब केला होता: थोरली जाऊ, आणि 'हे' म्हणजे वामनराव. गयाबाईचा नवरा तिने तीन वर्षे भाऊजींना डोळ्यांपुढे ठेवून छळला होता. खोकला तेवढा सासऱ्यांचा घेतला, कारण तो हाताशी होता. कोणालाही ओळखू येऊ नये म्हणून तिने दोन माणसे एकत्र कालवली होती, आणि या कौशल्याचा तिला थोडा गर्वही होता.

अंजनाबाईचे दोन्ही पाय आता खोलीत आले.

"म्या? माह्या लगनात कुठचा बैल व? माहं वऱ्हाड मोटारीनं आलतं! वणीच्या शाळेत लगन लागलं माहं. तिथं बाभूळ आहे का? सांगा ना, आता काहून गप्प?"

"नाही बॉ," वामनराव म्हणाला. त्याला स्वतःचे लग्न आठवायला जरा वेळ लागला. "बाभूळ नव्हती. मी चढलो बी नाही."

"तं मंग? तीन पोरं झाले मले या घरात, अन् माह्यावर आळ घेता? मी तं उद्या मायच्या घरी जातो. वच्छला, तू बस माह्यापाशी." आणि ती सतरंजीवर, धाकट्या जावेला खेटून बसली. तह पुन्हा बदलला होता.

वच्छलाबाई मात्र सासऱ्यांकडे पाहत होती. भगवानरावांचा उजवा हात डाव्या कोपरावरून फिरत होता. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. कोपराच्या वर एक जुना पांढुरका वण होता; सावरखेड्यात आली तेव्हापासून तिने तो पाहिला होता आणि तो कशाचा हे कधी विचारले नव्हते.

ज्यांच्यासाठी एक माणूस 'हे' असतो, अशा या घरात तीनच बायका होत्या. वच्छलाबाईचे 'हे' समोर जप्त पुराव्याचे श्रेय घेऊन उभे होते. अंजनाबाईचे 'हे' मोटारीने आले होते. तिसरी बाई आत होती. तिच्या तोंडून नवऱ्याचे नाव या घरातल्या कोणीही, कधीही ऐकले नव्हते. आणि तो वण ज्यांच्या कोपरावर होता, त्यांना तिच्याखेरीज घरातल्या प्रत्येकाने पत्रात 'मामाजी' किंवा 'बाबाजी' असेच म्हटले असते.

रोडग्यांचा वास येत होता. तो वाढला नाही, कमीही झाला नाही. पण परतण्याचा आवाज थांबला होता.

"आत्याबाई," वच्छलाबाई म्हणाली. रेडिओवर कधीही न काढलेला, अगदी लहान आवाज होता तो.

तानाबाई बाहेर आल्या. हाताला कणीक होती. त्यांनी आधी चौरंगावरचे दोन कागद पाहिले, मग पत्रांची जुडी, मग गुरुजी. नवऱ्याकडे त्यांनी शेवटी पाहिले.

"तुले लिहिता येत नाही," भगवानराव म्हणाले. हा आरोप होता की बचाव, हे त्यांच्याच लक्षात आले नाही.

"बोलता येते ना."

"तू... घरातल्या गोठी... नागपूरले?"

"हाव."

"माहा खोकला?"

"खोकला म्या नाही धाडला. थो वच्छलानं इथूनच नेला."

अंजनाबाईने तोंडात पदर कोंबला. पंजाबराव खिडकीबाहेर, निंबाच्या शेंड्याकडे पाहू लागला. वच्छलाबाईला एकच दिसत होते: गेली तीन वर्षे ज्या बाईचा सूर आपण चोरला असे ती समजत होती, त्या बाईने तो दर मंगळवारी, आशीर्वादासकट, स्वतः पाठवला होता.

भगवानराव उभे राहिले. गावचे पाटील म्हणून, चोर सापडला की पुढचे काम त्यांना सवयीने येत असे. चोर आपल्याच घरातला आहे, हा तपशील सवयीच्या आड आला नाही. "गुरुजी, कागद घ्या. जबाब लिहा हिचा. शब्द न् शब्द, जसाच्या तसा. खाली अंगठा घ्या. मी काई म्हणत नाही, पण लेखी पायजे."

"जसाच्या तसा?" गुरुजींनी विचारले.

"खाडाखोड नाही. गाळगूळ नाही. जे कानावर येईन थे कागदावर."

सेवादास गुरुजींनी चौरंगावर सहीसाठी ठेवलेला टाक घेतला. माफीनामा उलटा केला, कारण कोरा कागद तेवढाच होता, आणि हुकमाची तामिली केली. तो कागद निखाड्यांच्या घरात अजून आहे. मजकूर असा:

'मी तानाबाई. नवऱ्याचं नाव घेत नाही. कागदासाठी बी घेत नाही, गुरुजीले मालूम आहे. राहणार सावरखेडा. मी काई म्हणत नाही, पण इचारलं म्हणून सांगणं आलं. पत्रं माहीच होय. सारी. अंजनाचं त्याच्यात काई नाही, अन् वच्छलाले बी मालूम नव्हतं. मले या घरात येऊन अडतीस वर्षं झाले. इतक्या वर्षात म्या तोंड उघडलं का हे वावरात जाते, नाहीतं खोकलते. (येथे पाटील खोकलले.) हा असाच. मंग थे डबडं आलं. पयल्या शुक्रवारी मी सरकीच्या पोत्यामांगं उभी होती. गयाबाई बोलाले लागली, अन् हे दहा मिनिटं जाग्यावरून हालले नाही. हासले. दुसऱ्या दिवशी जेवताना मलेच सांगते, बाई मोठी हुशार आहे म्हणे. थे बोलणं माहं होय, हे मले सांगता आलं नाही. सांगाले गेली असती तं खोकलले असते. (येथे पाटील खोकलले नाहीत.) मंग म्या ठरवलं, घरातून ऐकू येत नाही तं नागपूरहून सांगावं. लांब पडते, पण पोचते. आता चोरी म्हणा का बदनामी म्हणा, केली म्या. पुढच्या शुक्रवारी बी करीन. वच्छला, तुया थो नागपूरचा कागद सही करून गुरुजीच्या थैलीत टाक, चार वाजत आले. अन् बाभळीची गोठ तशीच सांगजो, फकस्त पत्रात राह्यलं थे जोडजो, का ह्यायच्या आंगातले काटे सात दिवस बसून म्याच काढले होते. तवा हे खोकलले नव्हते.'